खष्टाचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी

सिंधुदुर्गात ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी, ओलाव्याच्या सावलीत एक सदाहरित झाड वाढते. कुणी त्याला खष्ट म्हणतात, कुणी कडू कवठ. फळ गोल, तपकिरी, कठीण सालीचे. दिसायला कवठासारखे, पण खायच्या कामाचे नाही. ते ठेचून डोहात टाकले की मासे गुंगून वर येतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला दिलेल्या जुन्या नावांपैकी एकाचा अर्थही गुंगी आणणारे असाच आहे. फळातल्या बियांपासून निघणारे तेल मात्र कोकण-गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या त्वचेच्या तक्रारींवर लावले गेले. झाडाच्या वंशाचे शास्त्रीय नाव हायड्नोकार्पस.

सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाचे वर्णन आहे. ते पश्चिम समुद्राच्या किनाऱ्याकडच्या भूमीत वाढते असे तिथे सांगितले आहे. पावसाळ्यात फळे गोळा करावीत, बियांचे तेल काढावे, पाण्याचा अंश जाईपर्यंत तापवावे, पंधरा दिवस शेणाच्या ढिगात पुरून ठेवावे आणि मग रुग्णाला पाजावे, अशी सविस्तर कृती आहे. प्यायल्यावर उलट्या-जुलाब होतात हेही नोंदलेले आहे. हे तुवरक म्हणजेच आपले कडू कवठ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही जुनी पोथी, कोकणातले झाड आणि इंग्रजी वैद्यक या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकात एका माणसाच्या दवाखान्यात एकत्र आल्या. तो माणूस म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ चा, गाव पेडणे महालातले मांद्रे. आज ते गोव्यात मोडते, पण तेरेखोल ओलांडली की पलीकडे आरोंदा, शिरोडा, रेडी. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता आणि तिथून तो पोर्तुगीजांकडे गेला. म्हणजे भाऊंच्या जन्माआधी जेमतेम दोन पिढ्या हा सारा मुलूख एकाच राज्यात होता. भाषा, देवस्थाने, सोयरिकी आणि रानातली झाडे यांनी ती सीमा कधीच फारशी मनावर घेतली नाही.

कुटुंब पोट भरण्यासाठी मुंबईला आले. मुलगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली, की याला इंग्रजी शिकवा. अशा कथा मोठ्या माणसांच्या चरित्रांत हटकून सापडतात, तरी ही त्यांच्या बाबतीत फार जुन्या काळापासून सांगितली जाते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण झाले आणि तिथेच ते शिकवूही लागले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. तेवढ्यावर थांबले असते तरी एक चांगले मास्तर म्हणून आयुष्य गेले असते.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊ तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. प्रेताला हात लावणे, ते चिरणे हे तेव्हाच्या सवर्ण हिंदू घरात काय होते याची कल्पना आज येणार नाही. कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग हेही त्याच तुकडीतले. १८५१ मध्ये भाऊंनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय मांडला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. थोड्याच वर्षांत भाऊंचे नाव असे झाले, की श्रीमंतांच्या पालख्या दारात आणि गरिबांची रांग ओसरीवर. पैसा आला, तो ग्रंथांत, नाण्यांत आणि गरिबांच्या औषधात गेला.

भाऊंना संस्कृत चांगले येत होते. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत अमुक औषधाने तमुक रोग जातो असे लिहिले असेल, तर ते खरे की खोटे हे रुग्णाला देऊन, नीट पाहून ठरवावे, असा त्यांचा खाक्या होता. त्या काळात हे दोन्हीकडून अडचणीचे. वैद्यांना वाटे, ग्रंथाची परीक्षा घेणारे हे कोण? साहेब डॉक्टरांना वाटे, त्या ग्रंथांत परीक्षा घेण्यासारखे आहेच काय? भाऊ दोघांच्या मधल्या वाटेने चालत राहिले आणि त्या वाटेवर त्यांना सर्वांत अवघड रोग भेटला. तेव्हाचे लोक त्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणत. आज आपण कुष्ठरोग म्हणतो.

इथे एक गुंता आहे, आणि तो आजच्या वाचकाच्याही कामाचा आहे. आयुर्वेदात कुष्ठ हा शब्द फार व्यापक. त्वचा विरूप करणाऱ्या कितीतरी विकारांना तो लागतो. आज ज्याला सोरायसिस म्हणतात, ते खवले धरणारे लालसर चट्टेही त्याच मोठ्या गाठोड्यात होते. ही काही आपल्याकडचीच गफलत नव्हे. युरोपातही सोरायसिसला लेप्रा म्हणत, आणि तेच नाव कुष्ठरोगालाही. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ च्या सुमारास हे दोन रोग नावानिशी वेगळे केले, म्हणजे भाऊ तेव्हा विशीत होते. सोरायसिस संसर्गजन्य नाही. त्यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच बिथरते आणि त्वचेच्या पेशी महिनाभराऐवजी चार-पाच दिवसांत वर ढकलल्या जाऊन खवल्यांचे थर साचतात. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, नसांवर घाला घालतो, स्पर्श जातो, बोटे वाकतात. पण शेजाऱ्यांना डाग दिसला की पुरे. पाण्याचा घडा वेगळा होई, मग अंथरूण, मग माणूसच घराबाहेर. किती सोरायसिसवाले नुसत्या गैरसमजाने वाळीत पडले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

भाऊंनी या रोग्यांना दवाखान्यात घेतले. १८६० च्या दशकात त्यांच्या उपचाराचा बोलबाला झाला आणि दूरदूरचे रुग्ण मुंबईत येऊ लागले. औषध म्हणजे खष्टाच्या बियांचे तेल. ते पोटातून द्यायचे आणि अंगालाही लावायचे. काही रुग्णांचे चट्टे फिके झाले, गाठी बसल्या, असे त्यांना दिसले. याच सुमारास कलकत्त्यात चालमोगरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बियांच्या तेलाचा बोलबाला होता. तिथल्या डॉ. मौआट यांनी १८५४ मध्ये त्यावर लिहिले होते. चालमोगरा पूर्वेकडच्या जंगलातला, खष्ट पश्चिम घाटातला. दोघे एकमेकांचे चुलतभाऊ म्हणावेत असे.

पण आपले औषध कोणते, हे भाऊंनी जाहीर केले नाही.

हा त्यांच्या चरित्रातला सर्वांत बोचरा भाग आहे. ग्रँट कॉलेजातून निघालेल्या नव्या डॉक्टरांचा अभिमानाचा मुद्दाच हा होता, की आम्ही वैदू-हकिमांसारखी गुप्त पुडी देत नाही. औषधाचे नाव, मात्रा, परिणाम सगळे चारचौघांत मांडतो, दुसऱ्याला तपासू देतो. त्या पहिल्या तुकडीतल्या सर्वांत नामवंत माणसाने नेमकी हीच गोष्ट टाळावी, हे त्यांच्या बरोबरच्यांना खटकले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. भाऊंच्या बाजूने एवढे म्हणता येते, की अर्धवट खात्रीचे औषध जाहीर झाले असते तर बाजारात दुसऱ्या दिवशी त्याच्या बाटल्या विकायला लागल्या असत्या. कुष्ठरोगाइतका लाचार करणारा रोग नाही आणि लाचार माणसाला लुटायला वेळ लागत नाही. तरीही चूक ती चूकच. किती रुग्ण, कोणत्या अवस्थेतले, किती महिने, किती थेंब, किती जणांना गुण आला आणि किती जणांना नाही, हे कागदावर आले असते तर पुढच्या पिढीची वर्षे वाचली असती.

त्याच सुमाराची, त्याच मुंबईतली आणखी एक गुप्त पुडी होती, तिचीही हकिकत इथे सांगायला हवी. गोवा पावडर या नावाने एक पिवळट भुकटी मुंबईत महाग विकली जाई. गजकर्णावर तिचा गुण हमखास. ती कशाची, हे विकणारे सांगत नसत. शोध घेता घेता १८७० च्या दशकात उलगडा झाला, की ही भुकटी ब्राझीलमधल्या बाईया प्रांतातल्या अरारोबा झाडाच्या खोडातली. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याला येत होती. लंडनच्या बाल्मानो स्क्वायर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने ती सोरायसिसवर लावून पाहिली आणि चट्टे निवळले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तिच्यातल्या गुणकारी द्रव्याशी मिळतेजुळते कृत्रिम औषध तयार झाले. तेच डिथ्रॅनॉल. सोरायसिसवरच्या जुन्या भरवशाच्या मलमांत ते आजही मोजले जाते. कपडे डागाळते, त्वचा भाजल्यासारखी होते, तरी काम करते.

गोव्याची पावडर त्वचेवर लावून काम करते आणि खष्टाचे तेल चोळून चोळून फारसे करत नाही, असे का? याचे उत्तर त्वचेच्या घडणीत आहे.

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, फार तर दुप्पट. चिऱ्याच्या भिंतीची कल्पना करावी. पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्या फटींत चरबीचा गिलावा. एवढ्याशा भिंतीमुळे आपण पावसात विरघळत नाही आणि उन्हात सुकत नाही. औषधालाही हीच भिंत अडवते. ढोबळ नियम असा, की रेणूचे वजन ५०० डाल्टनच्या आत असेल आणि तो चरबीत थोडाफार मिसळणारा असेल, तर तो फटींतून झिरपतो. त्याहून मोठा रेणू बाहेरच राहतो. डिथ्रॅनॉलचा रेणू सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे सहज आत. शिवाय सोरायसिसचे दुखणे वरच्या थरांतच असते. खष्टाच्या तेलातली गुणकारी आम्ले तशी लहान आहेत, पण तेलात ती तीन-तीनच्या जुडीने बांधलेली असतात आणि जुडीचे वजन ५०० च्या बरेच पुढे जाते. त्यात कुष्ठाचे जंतू खोल त्वचेत आणि नसांत दडलेले. म्हणजे लावलेले बरेचसे तेल कातडीवरच राहणार, आणि प्यायलेले तेल उलटीवाटे बाहेर येणार. भाऊंच्या हातात औषध होते, पण ते जिथे पोचायला हवे तिथे नेणारी वाट नव्हती. हे कोडे त्या काळात जगात कुणालाच सुटलेले नव्हते.

डॉक्टरकी हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग, निम्माही नव्हे. १८५२ मध्ये निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक, मुलींच्या शाळांचे खंदे पुरस्कर्ते. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, रुद्रदामन्याच्या जुनागढच्या लेखावर काम केले, कालिदासाच्या काळाबद्दल वाद घातला. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे लेख एकामागून एक येत. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभे राहावे म्हणून जॉर्ज बर्डवुड या डॉक्टर-वनस्पतीप्रेमी इंग्रजाबरोबर त्यांनी खटपट केली. १८७२ मध्ये त्याची इमारत खुली झाली आणि १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊंचे नाव मिळाले. आज राणीच्या बागेशेजारून जाणाऱ्या कितीजणांना हे नाव एका डॉक्टरचे आहे हे ठाऊक असेल कोण जाणे.

त्यातला एक प्रसंग मात्र डॉक्टर म्हणूनच आठवण्याजोगा आहे. १८६२ मध्ये मुंबईत महाराज बदनामी खटला गाजला. वैष्णव संप्रदायातल्या जदुनाथजी महाराजांनी करसनदास मुळजी या पत्रकारावर तो भरला होता. महाराजांच्या अनाचाराबद्दल करसनदासांनी छापले होते. भाऊ साक्षीला उभे राहिले आणि महाराजांना झालेल्या गुप्तरोगाबद्दल त्यांनी वैद्यकीय साक्ष दिली. एवढ्या मोठ्या धर्मगुरूविरुद्ध, धनाढ्य भाटिया-वाणी समाजाच्या रोषाची पर्वा न करता. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. रुग्णाचे गुपित न्यायालयात सांगावे की नाही, हा प्रश्न तेव्हाही अवघड होता आणि आजही आहे. ज्या माणसाने सत्यासाठी ते गुपित उघड केले, त्यानेच स्वतःच्या औषधाचे गुपित मात्र मुठीत ठेवले. माणसे अशीच असतात, सरळ रेषेत न मावणारी.

१८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन शहरात आर्माउएर हॅन्सन यांना कुष्ठरुग्णाच्या गाठींतल्या द्रवात काडीसारखे सूक्ष्म जीव दिसले. रोग पूर्वजन्मीच्या पापाचा नाही, रक्ताच्या दोषाचाही नाही, जंतूचा आहे, हे ठरायला तिथून सुरुवात झाली. ही बातमी भारतात आणणारा माणूसही मुंबईचाच म्हणावा असा. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी ग्रेच्या सुप्रसिद्ध शरीरशास्त्राच्या पुस्तकातली चित्रे काढली, ग्रँट कॉलेजात शिकवले, साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काढली आणि १८७३ मध्ये ते कुष्ठरोगाचा अभ्यास करायला थेट नॉर्वेला गेले. भाऊंना मात्र हा नवा अध्याय वाचायला मिळाला नाही. पन्नाशी ओलांडली न ओलांडली तोच, ३१ मे १८७४ रोजी ते गेले. कुष्ठावरचा त्यांचा शोध अपुरा आणि त्यांच्या हातून अप्रकाशितच राहिला.

तेलाची गोष्ट पुढे चालू राहिली, पण दुसऱ्यांच्या हातून. १८९४ मध्ये इजिप्तमध्ये तोर्तुलिस बे नावाच्या डॉक्टरांनी ठरवले, की पोटातून नको आणि वरून नको, तेल सुईने कातडीखाली घालायचे. एका रुग्णाला त्यांनी सहा वर्षांत ५८४ इंजेक्शने दिली. दाट, चिकट तेल, जाड सुई, प्रत्येक ठिकाणी गळू होण्याची भीती. तो रुग्ण बरा झाल्याचे जाहीर झाले, पण त्याची सोसण्याची ताकद ही औषधाइतकीच मोठी गोष्ट मानली पाहिजे. १९१५ च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीने तेलातली आम्ले जुडीतून सोडवून पातळ, शरीरात सहज शोषली जाणारी केली. पुढच्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी ती वारली आणि तिचे काम बरीच वर्षे दुसऱ्याच्या नावावर खपले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनीही इंजेक्शनांची पद्धत रुळवली. पूर्वेकडच्या चालमोगऱ्याऐवजी पश्चिम घाटातल्या कडू कवठाचे तेल त्यांच्या पसंतीला उतरले. भाऊंनी निवडलेले झाड पन्नास वर्षांनी, त्यांचे नाव न घेता, जगाच्या औषधपेटीत गेले.

मग एक पद्धत अशी आली, की आजच्या संशोधकाने ती वाचली तर तो दचकेल. एकाच जागी मोठे इंजेक्शन देण्याऐवजी बारीक सुईने, चट्ट्याच्या आतच, थोड्या थोड्या अंतरावर थेंब-थेंब तेल कातडीत सोडायचे. एका बैठकीत कितीतरी टोच्या. फिलिपाइन्समधल्या कुलियन बेटावर आणि भारतातल्या कुष्ठरुग्णालयांत हे हजारो रुग्णांनी सोसले. औषध रक्तातून फिरवून आणण्यापेक्षा जिथे रोग आहे तिथेच, भिंतीच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवायचे, हा त्यामागचा विचार.

तेलाने कुष्ठरोग खरोखर किती बरा होत होता, यावर डॉक्टरांचे एकमत कधीच झाले नाही. काहींना, विशेषतः सुरुवातीच्या अवस्थेत, फायदा झाला. अनेकांना नाही. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली, त्यातून डॅप्सोनच्या गोळ्या आल्या, आणि तेलाचा जमाना संपला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. आज कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बधिर चट्टा दिसला तर तो लपवण्याचे आता काहीच कारण नाही.

सोरायसिस मात्र अजून असा कायमचा जात नाही. त्याला आटोक्यात ठेवावे लागते. मेथोट्रेक्सेट हे त्यावरचे जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध. त्याच्या जातकुळीतले आधीचे औषध आपल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून आले, आणि १९५१ मध्ये ते सांधेदुखीसाठी घेणाऱ्या रुग्णाचे सोरायसिसचे चट्टे निवळल्याचे लक्षात आले. पण मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या करत राहायचे. गफलतीने रोज घेतले तर जीवावर बेतते. चट्टा कोपरावर असतो आणि औषध साऱ्या अंगभर फिरते. वरून लावावे, तर रेणू ५०० च्या आत असूनही पाण्याला धरून राहणारा, चरबीच्या गिलाव्यातून शिरत नाही. आणि नव्या, महागड्या प्रतिपिंड औषधांचा रेणू तर दीड लाख डाल्टनचा. भाऊंची अडचण अशी नव्या रूपात पुन्हा समोर येते.

तिच्यावरचा एक उपाय म्हणजे सूक्ष्म सुयांची पट्टी. टिकलीपासून पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि एका बाजूला शेकडो बारीक काटे. काट्याची उंची मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून फार तर एक मिलिमीटर. वरची मेलेली भिंत ओलांडायला एवढे पुरते, आणि वेदना जाणवणाऱ्या नसांपर्यंत फारसे पोचत नाही, म्हणून टोचल्याची जाणीव नाममात्र. कल्पनेचे पेटंट १९७६ चे आहे, पण इतके बारीक काटे हुबेहूब घडवण्याची कला संगणकाच्या चिपांच्या उद्योगातून आली आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत ती त्वचेवर वापरून दाखवली गेली. काही पट्ट्यांत काटेच औषध आणि हायलुरॉनिक आम्ल यांच्या मिश्रणाचे असतात. टोचल्यावर ते विरघळून जातात. फेकायला सुई उरत नाही. मेथोट्रेक्सेट भरलेल्या अशा पट्ट्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत चट्टे कमी झाले आहेत, तेही तोंडावाटे लागणाऱ्या मात्रेपेक्षा कमी औषधात. माणसांवर, जाड चट्ट्यांमध्ये मलम नीट मुरावे म्हणून पट्टी लावून पाहण्याचे छोटे प्रयोग झाले आहेत.

अडचणी आहेतच. काट्यांत मावणारे औषध फार थोडे, त्यामुळे पाठभर पसरलेल्या सोरायसिसला पट्ट्या किती लावणार? चट्ट्याची जाडी प्रत्येकाची वेगळी, मग काटा किती लांब हवा? आणि सोरायसिसचा एक वाईट स्वभाव असा, की कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. खरचटणे, भाजणे, टोचणे, काहीही निमित्त पुरते. म्हणूनच ही पट्टी सोरायसिससाठी अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. त्याच कारणाने ऑनलाइन मिळणारे काट्यांचे रोलर सोरायसिसच्या कातडीवर घरच्या घरी फिरवू नयेत, आणि त्यावर खष्टाचे किंवा कुठलेही तेल तर मुळीच चोळू नये.